बावीस नंबरची न धुतलेली जर्सी

नाव लाइल पेट्रुनिक, वय ५४, धंदा हार्डवेअरचं दुकान, राहणार सीडर स्ट्रीट, मॅकरे फॉल्स, ओंटारियो. पोलीस चौकीत समक्ष हजर राहून सांगतो की,

आमच्या गावचा बर्फावरच्या हॉकीचा संघ 'लून्स'. त्याच्या खेळाडूंनी सामन्यात घातलेल्या जर्स्या मी जमवतो. संघ खालच्या लीगमधला, म्हणून बायको हसते. हसू दे. आम्हा जमवणाऱ्यांचा नियम एकच, जर्सी धुवायची नाही. रबरी चकतीचे काळे डाग, फाटलेलं कोपर, घाम, सगळं त्यातच असतं. धुतली की उरतं फडकं.

साहेब बसून सांगा म्हणतात. मला बसवत नाही, उभ्यानंच सांगतो.

बावीस नंबरची जर्सी डॅरेल बुशारची, शेवटच्या सामन्यातली. त्याच सामन्याहून घरी जाताना त्याची गाडी बर्फावरून घसरली आणि पोरगा गेला. जर्सी खेळाडूंच्या खोलीत खुंटीवरच राहिली होती. पुढे संघाने ती लिलावात काढली. मी घेतली आणि हवाबंद पिशवीत घालून तळघरात ठेवली.

काल दुपारी डॅरेलची आई, आयरीनबाई, ती बघायला आल्या. पिशवीच्या बाहेरूनच बघितलं आणि माझ्यावर उखडल्या, "माझ्या लेकाची जर्सी अशी मळकी ठेवलीस? लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "अहो, त्या डागांचीच तर किंमत आहे."

"चुलीत घाल तुझी किंमत!"

मी कॉफी आणायला वर गेलो. खाली येतो तर बाई नाहीत, जर्सीही नाही. पिशवी मात्र पुन्हा नीट बंद करून टेबलावर ठेवलेली. बाई टापटिपीच्या. माझं डोकं फिरलं. मी तुम्हाला फोन लावून चोरी झाली म्हणालो.

आज सकाळी बाई आपण होऊन इथे आल्या. जर्सी धुतलेली, इस्त्री केलेली, कोपर रफू केलेलं. मी ओरडलो. नको इतका ओरडलो. "काय केलंत हे, बाई! त्याच्या घामाचा वास होता हो त्यात! अजून होता!"

बाईंनी जर्सी नाकाशी नेली. "साबणाचा येतोय," म्हणाल्या. "तो एवढासा होता तेव्हापासून सामना झाला की मीच धुवायची रे. मळकी दिसली, हात थांबलेच नाहीत. वासाचं मला सांगितलं का नाहीस?"

मी डागांचंच सांगत बसलो होतो. बाई आता बाहेर बाकावर आहेत. जर्सी मांडीवर आहे, बघत नाहीत तिच्याकडे. माझी काही तक्रार नाही. जर्सी त्यांचीच.

वरचा मजकूर मला वाचून दाखवला, मी बोललो तसाच उतरला आहे. सही करण्याआधी एवढं वाढवून घ्या: पुरावा म्हणून मी आणलेली रिकामी पिशवी तुमच्या मेजावर आहे, ती कोणी उघडू नका. वास अजून तिच्यात आहे. ती तशीच बंद आयरीनबाईंच्या हातात द्या आणि सांगा, एकदम उघडू नका, थोडी थोडी उघडा.

सही/- लाइल पेट्रुनिक