देवमाशाचा दात

सुवा बंदराच्या धक्क्यावर बोटीच्या तिकिटाच्या रांगेत उभी असलेली लोसाना कान देऊन ऐकत होती. पुढे आकानिसी नावाची विधवा आणि तिला निरोप द्यायला आलेला तिचा शेजारी वाइसाके बोलत होते.

"मी कायमची माहेरी चाललेय. काही बोलायचंय?"

"बोलायचंय गं, पण माणसानं सावध असावं."

"दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडतो तो सावध. तू नऊ वर्षं कडेलाच उभा आहेस!"

"बरं. लग्न करशील माझ्याशी?"

"आपल्या रीतीनं मागणी घालायला माझ्या भावांपुढे देवमाशाचा दात ठेवावा लागतो. तो शोधायला आणखी नऊ वर्षं?"

"पिशवीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. म्हटलं, खबरदारी घेतलेली बरी."

आकानिसीनं त्याची पिशवी चाचपली आणि ती खिडकीशी वाकली.

"दोन तिकिटं द्या. आणि याला कठड्यापासून लांब बसवा, उडी मारून परत येईल."