तळ्यात गेलेली कलिंगडं

अरे, ऐका तरी! आपल्या गल्लीतली चिमणी नावाची पोर दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेली, आणि शेजारच्या बाकावर सासरे-जावयाची जुंपलेली!

"जावईबापू, तुमच्या होड्यांपायी माझी कलिंगडं बुडाली."

"मामा, तुमचा मळाच तळ्याच्या पोटात! पाणी उतरलं की गाळात वेल लावता."

"दरवर्षी लावतो. उन्हाळ्यात तळं आटतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे."

"यंदा वरच्या धरणातलं शेतीचं पाणी इकडे वळवणार, सहलीच्या होड्यांसाठी तळं भरलेलं ठेवणार. सांगितलं नव्हतं मी?"

"सांगितलंत. पण तुमचं मी कधी ऐकलंय का?"

"तेही खरंच."

"आज गुडघाभर पाणी चढलंय. फळं ऐन तयार, टिचकी मारली की बोलतात! उद्या देठ तुटले की तळंभर फिरतील."

"मग आजच तोडू. माझ्या होडीतून."

"तुमच्या होडीत मी पाय ठेवणार नाही, असं लग्नातच म्हटलं होतं."

"चारचौघांत म्हटलं होतंत. तोडणार कोण मग?"

"तुम्ही तोडाल कच्ची!"

"माझी गिऱ्हाइकं तोडतील. पाण्यातलं कलिंगड स्वतःच्या हातानं काढायचं म्हटलं की उड्या पडतील."

"म्हणजे तोडणीला माणसं तिकीट काढून येणार?"

"हौसेनं!"

"आणि पिकलेलं कुठलं, हे त्यांना कोण सांगणार?"

"तेच तर. होडीत कुणीतरी जाणकार बसायला हवा."

तेवढ्यात आतून सासऱ्यांच्या नावाची हाक आली.

"मामा, तुमचा नंबर."

"दात कुठं तरंगत जातोय? उठा, आधी होडी काढा!"