रुमालाखालची फी

युनिव्हर्सिटीच्या फीचा सौदा मी रुमालाखाली करायले गेलो. एवढी एकच चूक असती तं तुम्ही हसून घरी गेले असते, पण तिच्यामागं अजून आहेत, तवा बसा, चहा येऊन राह्यला.

मी याकूब शेख, धामणगाव बढ्याचा, बैलांचा दलाल. बाप दलाल, त्याचा बाप दलाल. आमच्या घरात शेती कोणीच केली नाही, पण दुसऱ्याच्या शेतात कोणता बैल शोभन हे सांगण्यात तीन पिढ्या गेल्या. घरी आम्ही हिंदीच बोलतो, पण बैलाले मराठीच समजते, म्हणून माही जीभ अशी झाली. तुम्ही शहरातले, तुम्हाले माहीत नसन, बैलाचा भाव तोंडानं बोलत नसतात. घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वरून रुमाल टाकायचा आन बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, आन हजार का दहा हजार हे बैलाकडं पाहूनच समजते. भोवती सारा बाजार उभा राहो, भाव त्या दोघांलेच माहीत. यात दोघांचीही इज्जत राहते.

तं बीटी कपाशी गावोगाव पसरली होती तवाची गोष्ट. कापूस असा फुटला की लोकांच्या हाती पैसा दिसू लागला, आन पैसा आला की शेतकरी पहिले जोडी बदलते, म्हणजे माहंही बरं चालून राह्यलं होतं. माही पोरगी नसरीन तवा नववीत. दारात आमचा बैल सरकी खाऊन राह्यला होता आन ही त्याच्यासमोर उभी. म्हणे, अब्बा, बीटीचं पान खाऊन अळी मरते, मंग त्याच झाडाची सरकी खाऊन बैल काऊन मरत नाही? मी म्हटलं, अळी बारीक, बैल मोठा. ती म्हणे, मंग कोंबडीचं पिल्लू मरन का? आता काय सांगू तुम्हाले, मले रातभर झोप नाही. सकाळी कृषी केंद्रवाल्याले विचारलं, तो म्हणे, मामू, बियाण्याची थैली घ्यायची तं घ्या, मागं लाईन लागली. ढोरांच्या डॉक्टरले विचारलं, तो म्हणे, मरत नाही न, मंग तुमचं काय जाते? शेवटी शाळेतले सायन्सचे सर म्हणे, हे बायोटेक्नॉलॉजीत शिकवतात. झालं, त्या दिवशीपासून त्या पोट्टीनं तो शब्द धरून ठेवला, घोरपडीवाणी.

बारावीले मार्क चांगले पडले, पण सरकारी कॉलेजात पाहिजे ती सीट लागंल इतके नाही. तवाच बुलढाण्याले एका खाजगी युनिव्हर्सिटीचा मेळावा झाला. पुण्याच्या पलीकडची होती, तुमच्या वहीत नाव नका लिहू. समोसा दिला, बॅग दिली, पडद्यावर पिक्चर दाखवलं, काचेच्या बिल्डिंगी आन त्याच्यासमोर हिरवंगार गवत. मी सलमाले, म्हणजे माह्या बायकोले, घरी येऊन म्हटलं, जिथं गवत इतकं चांगलं, तिथं शिक्षण वाईट कसं असन? तिनं फुकटच्या बॅगेची शिलाई ओढून पाह्यली. तिनं बोलायले पाहिजे होतं.

ॲडमिशनले गेलो तं काउंटरवर टायवाला पोरगा. त्यानं फीचा आकडा तोंडानं सांगितला, सगळ्यांसमोर, जोरात. मले त्याच्याच इज्जतीची फिकर पडली. मी हळूच हात पुढं केला. त्याले वाटलं चाचा हात मिळवून राह्यले, त्यानं हसून हात दिला. मी खांद्यावरचा रुमाल टाकला आन त्याची तीन बोटं दाबली. तो पोरगा असा मागं सरकला की खुर्चीसकट भिंतीले लागला, आन गेटवरचा शिपाई धावत आला. नसरीन माह्यामागं उभी होती, ती तिथून दुसऱ्याच कोणाची पोरगी असल्यासारखी दूर जाऊन पाणी पिऊ लागली. मंग आतून मोठे साहेब आले, त्यांनी समदं ऐकून घेतलं, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी पाह्यलं आन म्हणाले, चाचा, तुमच्या मुलीला आम्ही स्कॉलरशिप देतो, फीमध्ये वीस टक्के कमी. मी छाती फुगवून पोरीकडं पाह्यलं. एसटीत बसायच्या आधी पेढे घेतले. अर्ध्या धामणगावले सांगितलं की याकूबनं युनिव्हर्सिटीचा भाव पाडला.

पंधरा दिवसांनी नसरीनचा फोन. म्हणे, अब्बा, खोलीतल्या समद्याइले वीस टक्के स्कॉलरशिप हाय. एकीले तीस भेटली. मी म्हटलं, तिचा बाप कोण हाय, कापसाचा व्यापारी का? ती म्हणे, तिचा बाप काही बोललाच नाही, नुसता उठून दाराकडं चालला होता.

आन वरून काय, तं हॉस्टेल वेगळं, मेस वेगळी, लॅबचे वेगळे, परीक्षेचे वेगळे, ज्या बसमध्ये ती कधी बसली नाही तिचेही वेगळे. आमच्यात बैल विकला की दावं त्याच्यासंगं जाते, ते कोणी मागत नाही आन त्याचे पैसे कोणी लावत नाही. तिथं बैल एक भाव, दावं दुसरा भाव, आन शेपटी वापरली तं तिसरा.

म्हणून बँकेत गेलो, शिक्षणाचं कर्ज काढायले. मॅनेजर चांगला माणूस. म्हणे, धंदा काय? म्हटलं, दलाली. म्हणे, कमाईचा पुरावा? आता पहा गंमत, आमच्या धंद्याची सारी कमालच ही की पुरावा राहत नाही. घर आज्याच्या नावावर, चार भावांच्या हिश्शाचं. तवा काही गहाण न ठेवता जेवढं देता येते तेवढं त्यानं दिलं, नसरीनच्या नावानं, आन मी त्याच्याखाली सही केली. तो म्हणे, शिक्षण होईस्तोर हप्ता भरायचा नाही. मले एवढंच ऐकू आलं. व्याजाचंही तो काहीतरी बोलला, पण मले वाटलं, हप्ता नाही म्हणजे व्याजही पोरीसंगं शिकायले गेलं हाय, शिकून आलं की कामाले लागंल.

दुसऱ्या वर्षी ईदले ती घरी आली आन मले पाटावर बसवून म्हणे, अब्बा, ऐका. अळीचं पोट लोणारच्या तळ्यासारखं, सोड्याचं. बीटीतलं जहर तिथंच उघडते आन तिच्या आतड्याले भोकं पाडते. बैलाचं पोट आंबट, तिथं ते नुसतं पचून जाते. इतकी सोपी गोष्ट, आन इतक्या वर्षांत मले कोणी सांगितली नव्हती. मले असा आनंद झाला की पुढच्या बाजारी एका गिऱ्हाइकाचा हात रुमालाखाली धरून मी त्याले लोणारचं तळं समजावू लागलो. तो हात सोडवून दुसऱ्या दलालाकडं गेला. जाऊ दे म्हटलं, फी वसूल झाली.

फी कुठून वसूल होते. तिच्या शेवटच्या वर्षी गुलाबी बोंडअळी आली. नसरीन फोनवर म्हणे, अब्बा, या अळीले ते जहर आता लागू पडत नाही. तिले ते पुस्तकात होतं, आम्हाले ते बाजारात दिसलं. बोंड फोडलं की आत अळी. जोडी घ्यायले कोण येते? ज्याच्याजवळ पैसा होता त्यानं ट्रॅक्टर घेतला, ज्याच्याजवळ नव्हता तो बैल विकायले उभा, आन घेणारा एकही नाही. मी बाजारात जायचो, रुमाल झटकायचो आन तसाच घडी करून घरी आणायचो. तेवढ्यात तिकडून निरोप, फी बाकी हाय, परीक्षेचं हॉल तिकीट भेटणार नाही. नसरीन फोनवर रडली नाही. म्हणे, अब्बा, नसन होत तं मी परत येतो, डिग्री राह्यली तं राह्यली. मी म्हटलं, डिग्री राहून जाईन, पण कर्ज थोडीच राहून जाते, ते तं फेडाच लागन.

माही स्वतःची एक जोडी होती, बापाचा शौक म्हणून दारात ठेवलेली. ती घेऊन मोताळ्याच्या बाजारात गेलो. जुना दलाल बाबाराव भेटला, तो लांबच्या एका गिऱ्हाइकासाठी जोडी पाहून राह्यला होता; आम्ही दोघांनी कितीतरी सौदे संगं केलेले. त्यानं रुमाल टाकला आन बोटं दाबली, कमी. मी वर चढवली. त्यानं परत तीच दाबली. मी अजून चढवायले गेलो तं तो हळूच म्हणे, याकूब, तुह्या हाताले घाम हाय. मंग मी हात ढिला सोडला. आयुष्यभर मी लोकांच्या हाताचा घाम ओळखून भाव ठरवला, माह्या हातालेही येते हे मले त्या दिवशी समजलं. पण बाबारावनं शेवटी एक बोट वाढवून दिलं, आन ते काऊन दिलं हे त्यानं आजपर्यंत सांगितलं नाही.

पैसे पोहोचले, पोरगी परीक्षेले बसली, पास झाली. आज जालन्याले एका बियाण्याच्या कंपनीत लॅबमध्ये हाय, बी खरं का खोटं ते तपासते. नोकरी लागली आन बँकेचा कागद आला. घेतले त्याच्याहून आकडा कितीतरी मोठा. मी भांडायले गेलो, मॅनेजरनं पाणी दिलं आन सांगितलं, मामू, तुम्ही झोपले होते, व्याज झोपत नव्हतं. आता अर्धा पगार हप्त्याले जाते. मी दर महिन्याले थोडेफार पाठवतो, ती परत पाठवते, मी पुन्हा पाठवतो. फोनवर म्हणे, अब्बा, कर्ज माह्या डोक्यावर हाय तं राहू द्या, त्याच्यासंगं माह्या डोक्यात जे भरलं तेही माहंच हाय. अल्ला तिले बरकत देवो, तुमच्या लेकराइलेही देवो.

मागच्या ईदले ती घरी होती. शेजारचा गजानन आला, त्याचा पोरगा बारावी झाला, त्याच युनिव्हर्सिटीचा मेळावा परत बुलढाण्याले लागला होता. म्हणे, याकूबमामू, तुम्हाले अनुभव हाय, घालू का तिथं? मले बरं वाटलं. मी उशीले टेकून बसलो आन सांगू लागलो की फी काय काय इचारायची, स्कॉलरशिप कशी मागायची, व्याज कधीपासून चढते. गजानन मान डोलवून राह्यला. नसरीन माह्याकडं पाहून गालात हसून राह्यली. गजानन म्हणे, मंग मामू, कर्जाच्या कागदावर सही करू का नको, एवढं एकच सांगा. मी जरा खाकरलो, विचार केल्यासारखं तोंड केलं.

आतून सलमा म्हणे, गजूभाऊ, यांच्यापेक्षा बैलाले विचारा. अक्कल सारखीच हाय, पण तो कुठं सही करत नाही.