सोळावी पायरी

नाही उठणार — लिहा तुमच्या वहीत, 'वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाची मुलगी ग्रंथालयाच्या जिन्यात बसलीय, उठवली तरी उठत नाही' — आणि सरांनी फोन केला म्हणून आलातच आहात, वॉचमनकाका, तर टेपचं हे टोक धरा जरा. धरा हो, चावत नाही. पायरीच्या कडेला — हां. किती? सोळा. तिच्यावरची? सोळा. पहिलीपासून पंधरावीपर्यंत सगळ्या सोळा सेंटिमीटर, आणि ही शेवटची — तुम्हीच वाचा, मी वाचलं तर म्हणाल पोरीनं फुगवून सांगितलं — एकोणीस. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तीन सेंटिमीटर म्हणजे काय, जेमतेम दोन बोटं — पण पाय काय बघून चढतो होय? पंधरा पायऱ्या तो शिकतो आणि सोळावीला ठेचकाळतो. तीन दिवस बसलेय इथं. चारशे बारा माणसं चढली, एकसष्ट अडखळली. तुम्ही नाही अडखळलात. का? तुमची रोजची ये-जा. गुडघा आपला आपण वर जातो, तुम्हाला पत्ताही नसतो.

याला 'स्वतंत्र संशोधन' म्हणतात. विषय आपला, मोजमाप आपलं, निष्कर्ष आपला — सही तेवढी सरांची. आणि सर म्हणतात, एका पायरीवर कसलं संशोधन, खिडक्या घे, उजेड घे, त्या जिन्यात मला तरी कधी काही जाणवलं नाही. जाणवेल कसं? वर्षानुवर्षं ते इथं फिरकत नाहीत, पुस्तकं खोलीत मागवून घेतात — परवा तुम्हीच म्हणालात. ग्रंथालय त्यांनीच बांधलं, त्यांची पहिली इमारत, मान्य — पण पहिलं लेकरू म्हणून त्याचा शेंबूडही पुसायचा नाही का? माझं सरांशी वैर नाही हं. मला नुसतं मोजायचं होतं.

बरं, नुसतं नाही. हा जिना माझ्या बाबांनी बांधलाय. हो, गवंडी. इमारत उघडून महिना झाला नाही तोच ग्रंथपाल बाई इथं अडखळल्या, थेट खाली गेल्या, मांडीचं हाड मोडलं — तुम्ही तेव्हा होतात का? होतात, मग आठवत असेल, सर सगळ्यांसमोर म्हणाले, गवंड्यानं घोळ घातला. झालं. त्यानंतर बाबांना कुणी जिना दिला नाही. वीस वर्षं लोकांच्या कुंपणाच्या भिंती गिलावतायत. मग मी तळघरातल्या कपाटातून मूळ नकाशा शोधून काढला — तर नाचता येईना अंगण वाकडं. जिन्याची उंची धरलीय वरच्या मजल्याच्या उघड्या स्लॅबपर्यंत. वर तीन सेंटिमीटरची फरशी बसणार, ती धरलेलीच नाही. पायऱ्यांना फरशी नाही, मजल्याला आहे — मजला वर गेला, पायऱ्या राहिल्या तिथंच. याच चुकीला सर पहिल्या वर्षाच्या पोरांचे मार्क कापतात, काका. माझे कापलेत.

पळत घरी गेले, नकाशा बाबांपुढे पसरला, म्हटलं बघा, तुमची चूक नव्हतीच. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, मला तेव्हाच कळलं होतं. तेव्हाच म्हणजे कधी? तर पायऱ्या भरायच्या आधी — फरशी येऊन पडली होती, जाडी दिसत होती. मग बोलला का नाहीत? तर आदल्या दिवशी बाबा सरांना काही विचारायला गेले होते, आणि सर चारचौघांत म्हणाले होते, तू थापी चालव, डोकं मी चालवतो. म्हणून बाबांनी थापी चालवली. नकाशाबरहुकूम. समजून-उमजून — हे मी तुम्हाला कशाला सांगतेय? कुणालाच नाही सांगितलं. दोन दिवस बाबांशी बोलले नाही मी. त्यांचं वाईट वाटलं, आणि त्या बाईंचं जास्त — त्या अजून काठी घेऊन चालतात. बाबांचं नाव धुऊन काढायला निघाले होते मी.

आता तुम्हीही म्हणाल, जाऊ दे पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची. नाही जाऊ देणार. सरांचा नकाशा लिहीन आणि बाबांची थापीही लिहीन. सही नाही मिळाली तर बिनसहीचं देईन, करा नापास. बाबांना काल सांगितलं. म्हणाले, लिही, पण बाईंचं आधी लिही.

थांबा. पाय वाजतायत — सरच. स्वतः आले. टेप बाजूला घ्या, वाटेत नको. बोलू नका, नुसतं बघा. मान हातातल्या कागदात आहे, पायाखाली बघतसुद्धा नाहीत. तेरा — चौदा — पंधरा —

बघितलंत ना, सोळावीला गुडघा किती वर उचलला? आणि यांची तर रोजची ये-जाही नाही.

टेप सोडा, काका. जा तुम्ही आता. — या सर. बसा, याच पायरीवर बसा.