दादाच्या जागी माझा नंबर

वडीलधाऱ्यांनो, आयाबायांनो, वैनी, किसनभाऊ,

मला बोलायचं नव्हतं. सकाळी किसनभाऊंनी सांगितलं, "रेखाताई, दोन शब्द बोला," तवा मी नाहीच म्हणले. पण ज्ञानोबादादा दिवसभर त्या खोलीत बसून काय करायचा, हे शोकसभेला या शाळेच्या पटांगणात जमलेल्यांत माझ्याशिवाय कुणाला ठावं नाही. म्हणून उभी राहिले.

मी सोनपेठची. नऊ वर्षं दादाच्या हाताखाली काम केलं. आधी पुण्यात, नंतर तो हितं पिंगळीला येऊन घरून काम करायला लागला तवापासून फोनवर. सर म्हणलं की चिडायचा. "दादा म्हण गं, आपुन एकाच जिल्ह्याचे," म्हणायचा.

खोटं कशाला बोलू? तुमी सगळे त्याच्यावर रुसलेले होतात. भाचीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू, नवरीच्या पाठीमागं मामा पाहिजे, आणि मामा मांडवाच्या मागं लॅपटॉप घेऊन उभा. "कॉम्प्युटरवाल्याला लय शिंगं फुटली," असं कुणीतरी म्हणलं. ते त्याच्या कानावर गेलं होतं. मला सांगताना रडला होता हो तो.

ऐका, तो काय करायचा ते. परदेशातली एक विमान कंपनी. तिचं भलंमोठं यंत्र, मेनफ्रेम म्हणतात. त्यात एक मुख्य कारभारी असतो, ऑपरेटिंग सिस्टीम. बाकीच्या प्रोग्रामांना काही पाहिजे असलं, फाईल उघडून दे, किती वाजले सांग, की त्या कारभाऱ्याला हाक मारायची. आता, विमानातल्या जागा वाटणारा एक म्हातारा प्रोग्राम होता. कंपनीनं यंत्र दुसऱ्या देशात हलवलं, तिथलं घड्याळ वेगळं, आणि ह्याचं सगळं गणित चुकायला लागलं. दुरुस्त करावा तर त्याचं मूळ लिखाणच हरवलेलं. मग दादानं त्या प्रोग्रामला हातच लावला नाही. त्याची हाक वाटेतच धरली. तो वेळ विचारायचा, दादानं लिहिलेला प्रोग्रामचा छोटा तुकडा मधीच ती हाक पकडायचा, जुन्या गावाची वेळ सांगायचा. बाकी सगळ्यांच्या हाका सरळ पुढं.

मी नवी होते तवा मला हे काही कळंना. तर म्हणाला, "रेखे, आमचा बाप दिवस मावळताना मेंढरं कोंडायच्या वाघरीच्या तोंडाशी बसायचा. जाळीत शिरणारं हरेक मेंढरू त्याच्या हाताखालून जायचं. धडधाकट असलं की जाऊ दे. लंगडं आलं की धर, पाय बांध, मग सोड. मी बी तेच करायलोय."

पहिल्याच दिवशी फजिती झाली होती. हाक कधी धरली हे लिहून ठेवायला दादाच्या तुकड्यालाच वेळ पाहिजे होती. त्यानं कारभाऱ्याला हाक मारली. ती हाक त्यानंच धरली. ती धरलेली लिहायला परत वेळ विचारली, ती बी त्यानंच धरली. फिरतंय, फिरतंय, यंत्र जागेवरच. "सोताच्याच मानेला धरून बसलो की गं मी," असं सांगून हसायचा. ती चूक त्यानं तासाभरात काढली.

दुसरी चूक मात्र कधीच काढली गेली नाही. काही अडलं तर तिथल्या लोकांच्या पडद्यावर संदेश यायचा, ज्ञानोबाला फोन करा. खाली त्याचा मोबाइल नंबर. त्याच्या हातानं टाकलेला. का? तर हे सगळं आठ दिवसांपुरतं होतं. आठ दिवसांत नवीन प्रोग्राम येणार होता.

अकरा वर्षं झाली.

यंत्र बंद करून चालू केलं की फोन. काही बदललं की फोन. सुट्टी मागितली की साहेब म्हणायचे, "तू नसलास तर विचारायचं कुणाला?" आणि दादाला ते ऐकायला बरंही वाटायचं. हे बी खरं हाय, लपवत नाही. आपल्यावाचून अडतंय, हे कुणाला आवडत नाही?

दादाचे भाऊ, हे किसनभाऊ, दरसाल मेंढरं घेऊन जिंतूरच्या डोंगराकडं जातात. दादाला चार दिवस त्यांच्यासंगं जायचं होतं. दरसाल पिशवी भरायचा, दरसाल वैनी ती रिकामी करायच्या. आज सकाळी भाऊंनी मला विचारलं, "ताई, त्याला आमची लाज वाटायची का हो?"

नाही भाऊ. अजिबात नाही. तिथं रेंज नव्हती. बस्स, येवढंच होतं.

तो गेला ते खुर्चीतच. चहा तसाच होता. दहाव्याच्या दिवशी घरात बायका बसलेल्या, त्याचा फोन वाजला. वैनींनी उचलला. पलीकडचा इंग्रजीत ज्ञानोबा, ज्ञानोबा करायला. वैनी म्हणल्या, "ते न्हाईत." त्याला कळंना. त्यानं परत लावला. परत. मग वैनींनी मला फोन केला, "रेखा, हे बंद कर गं माय."

मी बंद केलं. पण संदेशातली ती नंबरची ओळ मोकळी ठेवता येत नाही, कुणाचा तरी नंबर लागतो. साहेब म्हणाले, "सध्या तुझा टाक. आठ दिवसांत बघू."

मी टाकला. नऊ वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं, तरी माझ्या ह्या हातानं टाकला. परवा आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. ती आत जाताना मला शोधायली होती, आणि मी दवाखान्याच्या जिन्यात फोनवर.

नोकरी सोडते असं इथं माईकवर म्हणायची हिंमत नाही माझ्यात. लेकरं शिकायलीत. काय करू, तुमीच सांगा.

तिकडं कंपनीत आत्ता यंत्र बंद करून चालू करायलेत. फोन येणार. हा बघा, टेबलावर ठेवला. बंद केलेला नाही. उचलला नाही तर तिकडं रांगा लागतील, साहेब बोलतील. बोलू द्या.

दादा, जिंतूरच्या डोंगरात जाऊन ये रे आता. सावकाश ये.

आपण सगळे दोन मिनिटं उभं राहू. मधीच फोन वाजला तर माझ्याकडं बघू नका. फोन नुसता वाजू देणं दादाला अकरा वर्षांत एकदाही जमलं नाही. मला दोन मिनिटं जमतंय का, बघते.