केळ्याचा वास

वर्षाली : परत एकदा. नीट हुंगा, घाई नाही.

नवनाथ : हुंगलं की मॅडम. ही. डावीकडची.

वर्षाली : नक्की?

नवनाथ : शंभर टक्के. लई कडक वास हाय.

वर्षाली : बरोबर. आता सांगा, कशाचा वास आहे?

नवनाथ : केमिकलचा.

वर्षाली : नवनाथभाऊ, तुम्ही केमिकल स्टोअरचे. तुम्हाला सगळंच केमिकल. कशासारखा येतोय ते सांगा. एक फळ आहे.

नवनाथ : मी बी तेच म्हणायलोय. फळाचा. आंबा.

वर्षाली : आंबा?

नवनाथ : हापूस नाही. पायरी.

वर्षाली : केळं आहे.

नवनाथ : केळंच. पिकलेलं का कच्चं, त्यावर असतंय ते. कच्चं असलं की वास जरा आंब्यावर जातो.

वर्षाली : सकाळपासून पेंटशॉपची सगळी माणसं होऊन गेली. बूच काढायच्या आत केळं म्हणून सांगत होती.

नवनाथ : बाहेर एकमेकांना सांगून आत येतेत ते. मी तसली लबाडी करत नाही.

वर्षाली : म्हणून तर तुमची टेस्ट परत घेते. मी सांगितलेलं लक्षात आहे ना? दोन बाटल्या. एकीत साधं पाणी, एकीत केळ्याच्या वासाचं तेल. आधी मास्क न लावता वास ओळखायचा. मग मास्क लावून तीच बाटली समोर धरायची. आत वास आला, की समजायचं मास्क चेहऱ्यावर नीट बसलेला नाही.

नवनाथ : लक्षात हाय. पण माझ्यासाठी कशाला एवढा खटाटोप? मी तर मास्क घालतच नाही.

वर्षाली : हे तुम्ही सेफ्टी ऑफिसरला सांगताय.

नवनाथ : लक्ष्मणरावांना विचारा. सुपरवायझर माणूस, खोटं बोलणार नाही. थिनरचा ड्रम फुटला तवा सगळे डोळे पुसत पळाले. मी एकटा आत उभा राहून वाळू टाकायलो होतो. लक्ष्मणराव म्हणले, ह्याचं फुफ्फुस वाघाचं हाय.

वर्षाली : माहिती आहे. त्या दिवसापासून निम्मं स्टोअर मास्क गळ्यात अडकवून फिरतं. नवनाथभाऊंना काही होत नाही तर आम्हाला काय होणार, म्हणतात. घ्या, ह्या दोन बघा. कुठली?

नवनाथ : उजवी.

वर्षाली : कसा आहे वास?

नवनाथ : केळं. वेलची केळं. लांबूनच यायलाय.

वर्षाली : बघा हं, नंतर बदलायचं नाही.

नवनाथ : कशाला बदलू? नाकाला कळतंय की.

वर्षाली : दोन्ही बाटल्यांत पाणी होतं.

नवनाथ : दोन्हीत?

वर्षाली : पिण्याचं. ह्या कूलरमधलं.

नवनाथ : मग कूलरच तपासावा लागतोय मॅडम. कुणीतरी केळं टाकलंय त्यात.

वर्षाली : नवनाथभाऊ, तुम्हाला वास येतच नाही ना?

नवनाथ : आधी दार लावा.

वर्षाली : लावलं. कधीपासून?

नवनाथ : कोरोना झाला तवापासून. सगळ्यांचा गेला, सगळ्यांचा परत आला. माझा काय आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून कुणाला बोललो नाही. मग बोलायचंच राहून गेलं.

वर्षाली : काहीच कळत नाही?

नवनाथ : मिरची झोंबते, ती कळते. मीठ, साखर कळतंय. बाकी काय बी खाल्लं तरी ओला पुठ्ठा चावल्यागत.

वर्षाली : कंपनीचं मेडिकल होतं की दर वर्षी. तिथं नाही सांगितलंत?

नवनाथ : तिथं डोळे बघतेत, कान बघतेत, वजन करतेत. नाकाचं कुणी विचारलंच नाही. न विचारता सांगायचं म्हणजे आपणच आपली तक्रार केल्यासारखं होतंय.

वर्षाली : म्हणजे तुम्ही थिनरजवळ उभे राहिलात ते वाघाच्या फुफ्फुसामुळे नाही.

नवनाथ : फुफ्फुस चांगलंच हाय. नाक तेवढं नाही.

वर्षाली : फुफ्फुस कसं आहे ते मला आता डॉक्टरला विचारावं लागेल. अहो, वास आला नाही म्हणून वाफ आत जायची थांबते का? बाकीच्यांना त्यांचं नाक बाहेर पळवतं. तुम्हाला कोण पळवणार?

नवनाथ : अनफिट लिहू नका मॅडम. पॅकिंगला टाकतील. खोक्यांना टेप लावत बसायचं. स्टोअरमध्ये काय बी अडलं की माणसं म्हणतेत, नवनाथभाऊ, जरा बघा. पॅकिंगला कोण हाक मारणार हाय मला?

वर्षाली : लिहायचं नंतर बघू. घरी माहिती आहे?

नवनाथ : नाही. बायकोला तर अजिबात नाही. शालनला कळलं की संपलं.

वर्षाली : का? चिडतील?

नवनाथ : चिडली तर बरं. मी रोज तिच्या स्वयंपाकाला वा म्हणतो. काय घमघमाट सुटलाय, असं दारातूनच म्हणतो. ते सगळं अंदाजानं होतं, असं आता कुठल्या तोंडानं सांगू?

वर्षाली : आणि घरात गॅसची टाकी असेल.

नवनाथ : हाय की. आज सकाळीच नवीन बसवली.

वर्षाली : बसवल्यावर गॅस गळतोय का ते कुणी बघितलं?

नवनाथ : मीच. शालन सकाळी मेसमध्ये पोळ्या लाटायला जाते, माझ्या आधीच निघते. तिचा फोन आला, टाकीचा वास यायलाय का बघा. मी नाक लावलं, म्हणलं एकदम ओके.

वर्षाली : साबणाचं पाणी लावलंत? बुडबुडे येतात का बघितलं?

नवनाथ : ती म्हणली होती, लावा म्हणून. मी म्हणलं, मी केमिकलमधला माणूस हाय, घरात एवढं नाक असताना…

वर्षाली : थांबलात का?

नवनाथ : मॅडम, फोन करू का?

वर्षाली : विचारताय काय? लावा. स्पीकरवर ठेवा.

नवनाथ : उचलत नाही.

वर्षाली : परत लावा.

नवनाथ : नुसता वाजायलाय. ह्या वेळेला घरी पोचते ती. सकाळपासून घर बंद हाय. खोलीत उजेड नाही, कुलूप काढलं की पहिलं बटण दाबते.

वर्षाली : शेजारी कुणाला सांगता येईल?

नवनाथ : अंबुबाई हाय, घरमालकीण. तिच्याकडं फोन नाही. मॅडम, गेटपास द्या. मी पळतो. घर कुरुळीतच हाय, काय लांब नाही.

वर्षाली : गेटपास राहू दे, माझ्या स्कूटरवर बसा. थांबा. उचलला.

(पुढचं बोलणं फोनच्या स्पीकरवर.)

शालन : हां, बोला. इतके मिसकॉल कशाला द्यायलात?

नवनाथ : शालन, ऐक. बटणाला हात लावू नको. लाइट नको, पंखा नको, काडी ओढू नको. दारं-खिडक्या उघड, रेग्युलेटर बंद कर अन् बाहेर ये.

वर्षाली : एकही चुकलं नाही. हेच मागच्या सेफ्टी ट्रेनिंगला तोंडी विचारलं तर आठवत नव्हतं.

शालन : मी बाहेरच हाय. अंबुबाईच्या ओट्यावर. शेंगा फोडायलेय, हात भरलेत म्हणून उचलला नाही.

नवनाथ : घरात गॅस भरला असंल.

शालन : भरला नाही. थोडा गळत होता. टाकीवाला येऊन वायसर बदलून गेला.

नवनाथ : कवा? घर तर बंद होतं.

शालन : अंबुबाईला चावी देऊन ठेवली होती. म्हणलं, हे कामावर गेले की टाकीपाशी नाक लावून बघा जरा. म्हातारीला वास आला. तिनं रेग्युलेटर काढला, दारं उघडी टाकली अन् टाकीवाल्याला गल्लीतूनच धरून आणला.

नवनाथ : पण मी तर तुला एकदम ओके म्हणलो होतो.

शालन : चावी आधीच दिली होती. तुम्ही ओकेच म्हणणार, हे काय मला माहीत नाही?

नवनाथ : शालन, तुला कळलंय का काय?

शालन : काय?

नवनाथ : नाकाचं.

शालन : तव्यावर पोळीचा कोळसा व्हायला लागला अन् तुम्ही शेजारी बसून घमघमाट म्हणायलात. माणसानं काय समजावं?

नवनाथ : हे कवाचं?

शालन : लई जुनं. आधी वाटलं, माझी चेष्टा करायलात. मग एकदा मुद्दाम आमटीला फोडणीच दिली नाही. तुम्ही दोन वाट्या पिऊन म्हणलात, फोडणी झकास बसली.

वर्षाली : वहिनी, माझ्या बाटल्यांपेक्षा तुमची टेस्ट बरी.

शालन : कोण बोलायलंय?

वर्षाली : मी वर्षाली. कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे.

शालन : मास्कवाल्या मॅडम का? हे रोज नाव काढतेत तुमचं.

वर्षाली : काय म्हणतात?

नवनाथ : शालन, राहू दे.

शालन : लई पिरपिर करतेत, म्हणतेत.

वर्षाली : खरंय ते. पण वहिनी, इतकं कळलं होतं तर बोलला का नाहीत?

शालन : कसं बोलू मॅडम? लग्न झाल्यापासून ह्यांना माझी भाजी कधी पसंत पडली नाही. कधी कच्ची, कधी करपट, नाहीतर आईच्या हातची नाही. नाक जागेवर होतं तवर एकदा चांगलं म्हणले नाहीत. नाक गेलं अन् दारातून वा म्हणत यायला लागले. मी म्हणलं, असू दे.

नवनाथ : खोटं हाय हे कळून?

शालन : खोटं का असंना, तोंडातून तर निघायलं होतं.

नवनाथ : मला वाटलं मी तुला फसवायलोय.

शालन : फसवतच होता की. मी फसून घेत होते.

वर्षाली : नवनाथभाऊ, आता माझी थोडी पिरपिर ऐका. ही केळ्याची टेस्ट तुमच्या कामाची नाही. मशीनवर मास्क तपासता येतो, त्याला नाक लागत नाही. ते मी मागवते. तोवर थिनरच्या खोलीत एकट्यानं जायचं नाही आणि मास्क काढायचा नाही. गॅसचा अलार्म खिशाला लावून देते, तो वाजला की बाहेर. आणि नाकाच्या डॉक्टरला दाखवायचं.

नवनाथ : म्हणजे पॅकिंग नाही?

वर्षाली : डॉक्टर काय म्हणतात ते बघू. माझ्याकडून पॅकिंगचं नाव निघणार नाही. पण एक करायचं. उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळे उभे असतात, तेव्हा तुम्ही सांगायचं. वाघ-बिघ काही नाही, मला वासच येत नाही.

नवनाथ : सगळ्यांसमोर?

वर्षाली : मास्क त्यांनी तुमचं बघून काढलेत. मी सांगितलं तर ऐकत नाहीत.

नवनाथ : हसतील मॅडम.

शालन : हसू द्या. मी काय कमी हसलेय का?

नवनाथ : लक्ष्मणरावांचं काय करू? कंपनी बघायला कुणी पाहुणे आले तरी मला दाखवतेत, हा बघा आमचा गडी म्हणून.

वर्षाली : त्यांना मी सांगते.

नवनाथ : नको. मीच सांगतो. चहाला बोलावतील तवा.

वर्षाली : आजच.

नवनाथ : आजच. आधी जेवतो मात्र. उपाशीपोटी नाही जमायचं.

वर्षाली : जेवा. इथंच बसा निवांत, मी बाहेर थांबते. फोन चालू आहे हं तुमचा.

नवनाथ : शालन, हायस का?

शालन : हाय.

नवनाथ : डब्यात काय दिलंस?

शालन : मेथी. अन् ज्वारीची भाकर.

नवनाथ : कशी झाली?

शालन : मला काय विचारायलात? तुम्हीच सांगता की रोज.

नवनाथ : आज तू सांग.

शालन : लसूण जरा जास्त लाल झाला. पण चांगली झाली.