माझ्या हातची लाल टिकली

आदरणीय अध्यक्षा आणि आपल्या संघाच्या मालकीणबाई श्रीमती हॅरिएट व्हँडरमोलेन, व्यासपीठावरचे प्रशिक्षक ओकर, आयुष्यभर दुसऱ्यांचे गुडघे दाबत आलेले डॉक्टर साबो, आणि टोलेडोतल्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

आज निवृत्त होताना सांगतो, एकतीस वर्षं मी एकच काम केलं. कॉलेजांच्या गारठलेल्या जिममध्ये बसून बास्केटबॉल खेळणारी पोरं पाहिली, आणि जूनमध्ये ड्राफ्टच्या दिवशी, म्हणजे सगळे संघ पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तेव्हा, कोणाला घ्यायचं ते सांगितलं. निर्दोष पोरं आधी नंबर लागणारे संघ उचलतात. आपला नंबर येईतो उरलेल्यांत कोणाचा नेम कच्चा, कोणाचं डोकं गरम, कोणाचा गुडघा दुखरा. मग धोका मोजायचा कसा? मी फळ्यावरच्या नावांना टिकल्या लावायची पद्धत काढली. लाल टिकली म्हणजे घ्यायचं नाही. ज्यानं लावली, त्यानंच सगळ्यांसमोर उठून काढायची. नियम माझाच, तेव्हा तक्रार तरी कोणाकडे करणार?

इव्हान्सव्हिलच्या लामॉन्ट प्रुइटला पाहायला मी नऊ वेळा गेलो. तो पास द्यायचा आणि तो झेलणारा सामान्य पोरगा दोन मिनिटं थोर खेळाडू वाटायचा. पण गुडघा दुखरा, म्हणून त्याच्या नावाला मी लाल टिकली लावली होती. त्याची आई शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. नवव्या वेळी माझ्यापुढे पीच घालून भाजलेला गोड कॉबलर ठेवत म्हणाली, "मिस्टर लेनी, खरं सांगा, तुम्ही माझ्या पोराला बघायला येता की त्याच्या गुडघ्याला?"

मी म्हणालो, "कॉबलर झकास झालाय."

"ते मला माहितीये," ती म्हणाली.

ड्राफ्टच्या संध्याकाळी आपला नंबर आला तेव्हा लामॉन्ट शिल्लक होता. हॅरिएटबाईंनी विचारलं, "ही टिकली कोणाची?"

"माझी."

"काढतोस?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी उठलो नाही. आपण एक ठणठणीत पोरगा घेतला. त्याचं नाव आठवतंय कोणाला? बघा, डॉक्टरसुद्धा छताकडे पाहताहेत.

लामॉन्टला कोणीच घेतलं नाही. तो परदेशात दोन हंगाम खेळला आणि तिसऱ्यात गुडघा गेला. तेव्हा ऑफिसनं माझी पाठ थोपटली. मी बरोबर ठरलो होतो. पण ते दोन हंगाम, मंडळी! ते आपल्या मैदानावर झाले असते. अजूनही सामना सुरू झाला की मी आपल्या पोरांत त्याला शोधतो. मला त्याची आठवण येते. जो आपल्याकडे कधी खेळलाच नाही, त्याची इतकी आठवण येते.

परवा पुन्हा ड्राफ्ट आहे. फळ्यावर या वर्षीही एका दुखऱ्या गुडघ्याच्या पोराच्या नावाला माझी लाल टिकली होती. आज सकाळी माझ्या जागी येणाऱ्या रोझलिनला आणि डॉक्टरांना समोर उभं करून मी ती काढली. गुडघ्याचा अहवाल फाइलमध्ये जसाच्या तसा आहे, तो नीट वाच, रोझलिन. नंतर त्या पोराचा खेळही बघ. निर्णय तुझा.

आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, मी ऋणी आहे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात कुठं तोल गेला असेल, तर तेवढं पोटात घाला. एक चूक मात्र पोटात घाला म्हणायचा मला हक्क नाही. लामॉन्ट, तू आता शिकवतोस त्या शाळेच्या संघाला घेऊन मागच्या रांगेत बसला आहेस, मी आल्या आल्याच पाहिलं. घरी गेलास की आईला सांग, मिस्टर लेनीनं उत्तर दिलंय. मी पोरालाच बघायला येत होतो.